मध्यंतरातला सत्कार

आमच्या लोकाइचा एक गुण मी छातीठोकपणे सांगते. माणूस उभं राहाले धडपडून राह्यलं का त्याचे पाय ओढतीन, अन एकडाव का ते उभं राह्यलं तं शाल घेऊन सगळ्याइच्या अगुदर हजर होतीन. माह्या नणदेवर, उर्वशीवर, अशा शाली इतक्या पडल्या का मी त्याइचे गोधडीले अस्तर केले. शीला नाव हाय माहं, दारव्ह्यात घरीच शिवणकाम करते. कापड फुकट जाऊ देणं माह्याच्यानं होत नाही.

उर्वशी म्हणजे माह्या नवऱ्याची, भीमराजची, लहान बहीण. आता ती नटी हाय. नाटकातली, शिरेलीतली, अन मागच्या हिवाळ्यापासून पिक्चरमधली बी. पेपरात फोटो आला तवा खाली लिहिलंतं, ‘जिल्ह्याची सुकन्या’. मी पेपर दोनदा वाचला. म्हणलं, ही सुकन्या कवापासून झाली बाप्पा? इतके वर्ष तं याच जिल्ह्यात तिचं नाव घेतलं का लोकं पचकन थुंकत.

नववीत असतानी जयंतीच्या मंडपात तिनं हुंडाबळीचं नाटक केलं. मधातच माइक बंद पडला. बाकीचे पोट्टे माइककडे तोंड करून उभे राह्यले, ही आपली बोलतच राह्यली. पार मागं, चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसानं हातातला कप खाली ठेवला, असा आवाज. तवा सारा मोहल्ला म्हणे, वा रे वाघीण! उकंडराव गुरुजींनी तं स्टेजवर चढून तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, ही पोरगी समाजाचं नाव काढंन.

मंग वाघीण मोठी झाली अन झाडीपट्टीतल्या नाटक कंपनीत गेली. झालं! वाघिणीची लगेच नाचणारीण झाली. तेच उकंडराव गुरुजी आमच्या दारात उभे राहून भीमराजले म्हणे, ‘काय रे, समाजाच्या तोंडाले काळं फासलं तुह्या बहिणीनं.’ नाव काढाले अन काळं फासाले गुरुजींले एकच तोंड पुरे.

झाडीपट्टी म्हणजे आमच्या पूर्वेकडचा, गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजूचा जंगलाचा मुलूख. आमच्याकडं जसा कापसाचा हंगाम, तसा तिकडं नाटकाचा. दिवाळी झाली का होळीपर्यंत रोज कोण्या ना कोण्या गावात रातभर नाटक. पाठ कराले वेळ कुठं? पडद्याआड एक माणूस पुरं नाटक वाचते, नट लोकं ते आयकतेत अन बोलतेत. उर्वशी म्हणे, ‘वैनी, एक कान त्याच्याकडं अन तोंड पब्लिककडं. शेवटच्या माणसाच्या कानावर वाक्य पडलं नाही तं तो उठून स्टेजपाशी येते अन म्हणते, बाई, पुन्हा बोला.’ तिनं तिकडं काय नाही केलं? राणी केली, कलेक्टरीण केली, नवऱ्यानं टाकलेली बायको तं इतकेडाव केली का तिकडच्या बाया नाटक संपल्यावर तिच्यासाठी डब्यात भाजी घेऊन येत. इकडं दारव्ह्यात आमचे सोयरे म्हणत, ‘पोरीचं लग्न काहून करून देत नाही?’ अन हेच सोयरे तिकडं कोणाच्या लग्नाले गेले का हळूच फोन करत, ‘उर्वशी, पुढच्या खुर्चीचे पास ठेवजो वं!’

हे सारं मी हसून सांगते, पण एका माणसाचं हसून सांगता येत नाही. माही सासू, पंचफुला. उर्वशी गेली त्या हप्त्यात नळावर कोणीतरी तिले म्हणलं, ‘काय वं पंचफुला, पोरगी आज कोणत्या गावात नाचून राह्यली?’ बुढीनं बादली भरली, घरी आली, अन त्या दिवसापासून नाटकाचा शब्द तोंडातून काढला नाही. उर्वशी सणावाराले घरी ये. माय तिले भाकर वाढे, डोक्यावर तेल घाले, पण पोरीनं ‘माय, परवा काय झालं माहीत हाय का, स्टेजवर मी...’ असं म्हणलं का बुढी उठून अंगणात जाय. पोरीची गोठ तोंडातल्या तोंडात राहे. मंग ती मले सांगे, मी मशीनवर बसून हूं हूं करू. पण माय ते माय असते अन वैनी ते वैनी, हे मलेही समजे.

नागपूरच्या कोण्या ओळखीनं मंग उर्वशी मुंबईले गेली. मुंबईच्या लोकाइनं तिच्यातली कलावंत बरोबर ओळखली, अन तिच्या हातात फडकं दिलं. पहिल्या शिरेलीत मोलकरीण. दुसरीत मोलकरीण. तिसरीत प्रगती झाली, दवाखान्यातली आया. जिनं झाडीत भरदरबारात राजाले उभं-आडवं झापलं, तिले वाक्य काय, तं ‘ताईसाहेब, पाहुणे आले’. मी म्हणलं, ‘उर्वशी, त्या घरी पाहुणे लय येतात वं. एखाद डाव चहा बी मांड.’ ती हसली. आमच्या घरात हसणं हेच औषध, दुसरं परवडत बी नाही.

त्याच सालाइत बुढीचे डोळे गेले. काचबिंदू. कोणाले सांगतलंच नाही तिनं. भिंतीले हात लावून चाले अन म्हणे पायात गोळे आले. आमच्या ध्यानात आलं तवा लय उशीर झालता. मंग तिचं जग म्हणजे कान. एक दिवस संध्याकाळी ती लसूण सोलत बसली होती, टीव्ही चालू होता, अन टीव्हीतून आलं, ‘ताईसाहेब, पाहुणे आले.’ बुढीचा हात थांबला.

‘उर्वशी!’ ती म्हणे.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बुढी टीव्हीसमोर. पाहुणे आले का तिची कळी खुले, नाही आले तं जेवणात मन नाही. अन एक दिवस तिनं स्वतःहून उर्वशीले फोन लावाले लावला. म्हणे, ‘काय वं, तू मोठं काही बोलशीन का नाही कई? पाहुणे आले, पाहुणे आले, अखीन काय आयकू मी? माह्यानं तुले पाहणं झालं नाही. डोळे होते तवा गेली नाही, आता डोळे नाहीत. आयकणं तं होऊ दे. एकडाव तुहा आवाज पोटभर आयकते, मंग मी मोकळी.’

उर्वशी म्हणे, ‘आयकवते माय. शब्द देते.’ अन तो शब्द तिनं असा धरला का त्याच्यापुढं बाकी सारं तिले फिकं वाटाले लागलं. कोणी काम सांगतलं का ती इचारे, वाक्य किती हायेत? लोकं म्हणत, बाईले गर्व झाला.

मंग आला तो पिक्चर. नाव ‘ढेकूळ’. नाव ठेवणारे बी ढेकूळच, पण ते जाऊ द्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्याची गोठ होती, म्हणून त्याचं शूटिंग पुण्याच्या बाजूले केलं. म्हणे तिकडं विदर्भ चांगला दिसते. मागं ऊस दिसे तं त्याच्यासमोर कपाशीचे झाडं आणून रोवले. हिरोईन तिकडचीच, तिच्या तोंडाले रोज सकाळी उन्हानं रापल्याचा रंग लावत. उर्वशी हिरोईनीची माय. तिले रंग लावा लागला नाही, म्हणून मेकअपवाला तिच्यावर भल्ला खुश होता.

लेखकानं वऱ्हाडी काय लिहिली होती म्हणता! दर वाक्यामागं एक ‘बाप्पा’ टांगलेला. उर्वशीनं डायरेक्टरले म्हणलं, ‘सर, आम्ही असे बोलत नाही. मी माह्या शब्दात बोलू का?’ ती बोलली, अन डायरेक्टर टाळ्या वाजवत उठला. अस्सल! अस्सल! उर्वशीनं घरी फोन केला. म्हणे, ‘माय, पुरा एक सीन माहाच हाय. काय हाय ते सांगत नाही. टाकीजात बसून आयक.’ डबिंगले, म्हणजे आवाज पुन्हा भराले, बोलावतो म्हणलंतं, ते बोलावलं नाही. उर्वशी म्हणे, शूटिंगमधलाच आवाज चांगला आला असन. चांगलंच व्हईन असं धरून चालाची खोड हाय माह्या नणदेले. इतके वर्ष नाटकात काम करून बी गेली नाही.

पिक्चर लागला. यवतमाळच्या एका कलामंचानं खास खेळ ठेवला, अन मध्यंतरात उर्वशीचा जाहीर सत्कार. मंचाचे अध्यक्ष कोण? उकंडराव गुरुजी. रिटायर होऊन यवतमाळले राहाले गेलते, समाजाचं काळं फासलेलं तोंड आता चांगलं धुतलंतं. स्वतः फोन करून म्हणे, ‘आपल्या लेकीचं कौतुक आपण नाही करावं तं कोणी?’

सत्काराच्या दिवशी बुढीनं पेटीतलं पांढरं लुगडं काढाले लावलं. उत्तमसिंगची जीप आम्ही पुरी केली, तो मोहल्ल्यातल्या बायाइले बी घेऊन आला. उत्तमसिंग तांड्यावरचा, दारव्हा-यवतमाळ सीटा भरून जीप चालवते, रस्त्याभर बुढीले सांगून राह्यलता, ‘माय, पडदा एवढाल्ला, अन आवाज तं चारी भिंतीतून येते.’ बुढी म्हणे, ‘मले पडदा काय कराचा? भिंतीपाशी बसव.’

आम्ही पुढून तिसऱ्या ओळीत बसलो. बुढी मधात, एका बाजूले भीमराज, दुसऱ्या बाजूले उर्वशी, अन उर्वशीच्या बाजूले मी. अंधार झाला. नाव-गाव झालं. अन मंग पडद्यावर उर्वशी! सूप घेऊन अंगणात बसली होती, पाखडून राह्यली होती. टाळ्या, शिट्ट्या! भीमराजनं मायचा हात दाबला. ‘माय, आली, आली! आता बोलते पाह्य!’ बुढी ताठ बसली, कानामागं हात धरला.

पडद्यावर उर्वशीचं तोंड उघडलं. अन त्याच्यातून एक बारीक, गोड आवाज आला, ‘अगं बाई, सांजच्याला पोर अजून आली न्हाई बाप्पा!’

अर्धी भाषा कोल्हापूरची, अर्धी नागपूरची, अन पुरी कोणाचीच नाही. मले वाटलं मशीन बिघडली. पण तोंड पुन्हा उघडलं, पुन्हा तोच आवाज.

बुढी म्हणे, ‘हे कोण बाई होय? उर्वशी कई येते?’

भीमराज म्हणे, ‘येईन माय. आत्ताच येईन.’

मी उर्वशीकडं पाह्यलं. ती पडद्याकडं पाहत होती, स्वतःच्याच तोंडाकडं, अन तिचे ओठ हळूहळू हलून राह्यलते. स्वतःचे वाक्य ती मनातल्या मनात बोलत होती. तिचा हात मी धरला. मले असा संताप आला का चप्पल काढून पडद्यावर फेकावी. पण पडद्यावर तिचंच तोंड, चप्पल लागली असती तं तिलेच लागली असती.

अन बुढी आपली दर थोड्या वेळानं, ‘आली का रे?’ ‘येऊन राह्यली माय.’ मधात एकडाव ती पडद्यावरच्या आवाजाबद्दल म्हणे, ‘बाई चांगली बोलते, पण घाईत हाय वं. तिच्या मागं कोणीतरी लागलं वाटते.’ मी म्हणलं, ‘माय, तू चूप राह्य.’ राग कोणाचा, काढला कोणावर.

मध्यंतर झालं. लाईट लागले. पुढं लगबगीनं खुर्च्या मांडल्या, हार आले, ट्रेमधी नारळ अन शाल आली. पिक्चरचा एक प्रॉडक्शनवाला पुण्याहून आलता, गळ्यात कार्ड अन कानात मोबाईल. उर्वशीनं त्याले कोपऱ्यात गाठलं. मी मागं उभीच.

‘दादा, माहा आवाज कुठी गेला?’

‘अहो ताई, ते शूटिंगनंतर, पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये झालं. तुमची वऱ्हाडी जरा जास्तच वऱ्हाडी होती. प्रेक्षकांना न्यूट्रल वऱ्हाडी लागते.’

‘न्यूट्रल वऱ्हाडी कोणत्या गावची होय हो?’ मी म्हणलं. ‘एसटी जाते का तिथं?’

तो कानातल्या मोबाईलशी बोलाले लागला. भीमराज आला, डोळे लाल. म्हणे, ‘उर्वशी, मायले सांगू नोको. आपण म्हणू, पिक्चरमधी आवाज असाच होते, बारीक होते. तिचं मन राहीन.’

‘दादा,’ उर्वशी म्हणे, ‘टीव्हीतल्या एका वाक्यात तिनं मले ओळखलं. तिच्याशी कायचं खोटं बोलतं?’

तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला. सत्कारमूर्तीनं मंचावर यावं. उर्वशी वर गेली, मी बुढीपाशी येऊन बसली.

सत्काराची आपल्याकडं एक पद्धत हाय, तुम्हाले माहीतच असन. ज्याचा सत्कार हाय, तो सोडून सारे बोलतेत. सत्कारमूर्तीचं काम म्हणजे गळ्यात हार घालून कुंकवाच्या धन्यावानी गप बसणं. एक बोलले, दुसरे बोलले, तिसऱ्यानं स्वतःच्या शाळेतल्या नाटकाची आठवण सांगतली, ती संपता संपत नव्हती. मंग उकंडराव गुरुजी उठले. गळा साफ केला. म्हणाले, ‘उर्वशीताईचा आवाज मी तिच्या लहानपणीच ओळखला होता. आज पडद्यावर तोच आवाज ऐकताना, सांगतो तुम्हाला, अंगावर काटा आला. काय ती आपल्या मातीतली अस्सल भाषा!’

टाळ्या! मले हसावं का रडावं समजेना. ज्या आवाजानं गुरुजींच्या अंगावर काटा आला, तो आवाज यवतमाळची हद्द कई पाहून गेलता का नाही कोणास ठाऊक. उचलली जीभ लावली टाळ्याले! बुढी माह्या कानाशी लागली, ‘शीला, हे काय म्हणून राह्यले? उर्वशी येऊन गेली का? मले झोप लागली होती का वं?’

बुढीले वाटलं, तिलेच आयकू आलं नाही. डोळ्यामागं कान बी गेले असं वाटलं तिले. तिचा हात कानाकडं गेला. हे उर्वशीनं बी मंचावरून पाह्यलं.

‘आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील,’ निवेदक म्हणे, ‘थोडक्यात, पिक्चर सुरू करायचा आहे.’

उर्वशी उठली. हार काढून खुर्चीवर ठेवला. म्हणे, ‘थोडक्यातच सांगते. आतापर्यंत पडद्यावर तुम्ही जो आवाज आयकला तो माहा नव्हता. तोंड माहं होतं, आवाज दुसऱ्या बाईचा होता. मलेही इथंच बसल्यावर समजलं.’

उकंडराव गुरुजी आपल्या बुटाकडं पाहाले लागले.

‘माही माय समोर बसली हाय,’ उर्वशी म्हणे, ‘तिले दिसत नाही. ती माहा आवाज आयकाले दारव्ह्यावरून आली. माय, तुहे कान शाबूत हायेत. मी अजून आलीच नव्हती. आता येते. पिक्चरमधी पुढं जो सीन हाय, तो मी करते अन खाली उतरते.’

प्रॉडक्शनवाला धावला. ‘ताई, सेकंड हाफचा सीन! सस्पेन्स फुटेल!’

‘ढेकळात कायचा सस्पेन्स?’ मी वरडली. ‘बस खाली!’ अन तो चक्क बसला.

उर्वशीनं माइक निवेदकाच्या हातात दिला. तिले तो कायले लागते? पिक्चरमधली पोरगी गाव सोडून पोलीस भरतीले निघते, तिची माय तिले दारात अडवते, असा तो सीन. उर्वशी मंचाच्या कडेले आली, अन बोलली. वरडली नाही. बोलली. पण शेवटच्या ओळीत पान खाणारा माणूस चावाचा थांबला.

‘थांब. अशी लपून जाऊ नोको. चोरी करून राह्यली का? दारातून जाय. मागं पाहू नोको. गावाले तोंड हाय, ते बोलनच. नळावर बोलतीन, पारावर बोलतीन, बोलू दे. ते आयकाले मी हाय इथं. तू कायले आयकतं? तू आपलं काम कर. अन जवा येशीन ना, तवा चुलीपाशी बसून मले पुरी गोठ सांगजो, पयल्यापासून. भाकर करपली तं करपली. मी तुही गोठ आयकीन.’

झालं. एवढंच होतं. मोहल्ल्यातल्या बाया पदराले डोळे पुसून राह्यलत्या. मी पुसले नाही, वाहू दिले. एक टाळी वाजली, मंग लय वाजल्या, अन मागून एकजण वरडला, ‘चला, पिक्चर लावा आता!’ आपलं पब्लिकही ग्रेटच.

बुढी उभी राह्यली. काठी नाही, काही नाही. ‘हेच,’ ती साऱ्याइले आयकू जाईन असं म्हणे. ‘हेच होय माही उर्वशी. चाला घरी.’

पुढचा पिक्चर आम्ही पाह्यलाच नाही. बाहेर निघतानी उकंडराव गुरुजी मागं धावत आले, ‘ताई, शाल राहिली तुमची!’ उर्वशीनं शाल घेऊन त्याइच्याच खांद्यावर टाकली. म्हणे, ‘गुरुजी, तुम्हाले काटा आलता ना, गरम राहीन.’ त्या शालीचं अस्तर बाकी हुकलं माहं.

जीप दारव्ह्याच्या रस्त्याले लागली. उत्तमसिंगनं टेप बंद ठेवला होता. बुढी पोरीच्या खांद्याले टेकून बसली होती. म्हणे, ‘ते कोणं लिहिलं वं?’

‘मीच. लेखकाचं वेगळं होतं. मी बदलवलं.’

‘मी तुले असं कई म्हणलं नव्हतं.’

‘नाही माय.’

‘म्हणाले पाह्यजे होतं मले,’ बुढी म्हणे. ‘त्या बायाइच्या बोलण्यात आली मी. नळावरचं आयकत बसली अन तुहं आयकलं नाही.’

उर्वशीनं तिले जवळ ओढलं. मंग इतका वेळ दाबून ठेवलेलं तिचं रडू निघालं, अन रडण्यामागून राग. ‘कोण ती चिमणी कोणास ठाऊक! माहा एवढा सीन गिळून बसली. तिले लाज वाटली नसन का, दुसरीच्या तोंडात आपला आवाज कोंबाले?’

मी कायले मागं राहू? मी बी सुरू झाली. म्हणलं, ‘बोलणं तं असं, जशी सर्दी झालेली मांजर. भेटू दे मले एकडाव, न्यूट्रल करून टाकते तिले.’ मागच्या बाया हसल्या. चांगला रंग भरलता.

‘चूप राहा दोघी,’ बुढी म्हणे. ‘तिलेही माय असन ना?’

तिनं उर्वशीचा हात चाचपून धरला.

‘उर्वशी, तिची माय आयकाले आलती का? तिले कोणी नेलं का टाकीजात? नाव काय तिचं?’

उर्वशीनं डोळे पुसले अन मोबाईल काढला. प्रॉडक्शनवाल्याले फोन लावला, आवाज मोठा केला. तो भडकूनच बोलाले लागला, ‘ताई, आज तुम्ही आमची काय शोभा केली! डायरेक्टर म्हणतात, यापुढे तुम्हाला काम...’

‘ते राहू द्या. माहा आवाज ज्या बाईनं काढला तिचं नाव सांगा.’

‘केस करणार का?’

‘नाही हो. माही माय इचारून राह्यली.’

तिकडं तो हसला. ‘नाव कोण लक्षात ठेवतं ताई? रोजावर आलेली बाई होती. पिक्चरच्या नावांच्या पाट्यांमध्ये पण नाव नाही तिचं.’ अन फोन ठेवून दिला.

जीपमधी साऱ्याइनं आयकलं. बुढी बाहेरच्या हवेकडं तोंड करून बसली होती. म्हणे, ‘मी तुहा आवाज आयकाले आलती, मले दुसरीचा भेटला. तुनं उठून आपला दिला, म्हणून माहं भागलं. तिची माय तं पोरीले पाहाले गेली असन. तिले कोणाचं तोंड दिसलं असन वं, सांग बरं?’

दोन्हीकडं वावरं मागं जाऊन राह्यलते, उत्तमसिंगनं गाडी हळू केली.

उर्वशीनं पुन्हा फोन लावला. तिकडून तो काही बोलाच्या अगुदरच म्हणे, ‘नाव काढा. कोणालेही इचारा, पण काढा. मी फोन ठेवत नाही.’